सौरऊर्जेची कामे आणि गावचा कारागीर

(डिचोली तालुक्यातील लघुउद्योजक, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या संयुक्त मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 प्रारंभीच एक कबुली देतो. मी अभियंता नाही, कारखानदारही नाही. मी कलाशाखेचा पदवीधर. शासनाच्या योजना लोकांपर्यंत आणि लोकांचे म्हणणे शासनापर्यंत पोचविण्यात माझी वीसेक वर्षे गेली. लोखंडाच्या पट्टीला भोक आधी पाडावे आणि जस्त नंतर चढवावे, हे दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला ठाऊक नव्हते. ते मला एका वर्कशॉपवाल्याने शिकविले. आजचा विषयही मला त्यानेच दिला, असे म्हटले तरी चालेल.

घडले ते असे. एका शाळेच्या छपरावर सौर पॅनेल बसविण्याचे काम चालू होते. त्याचे छायाचित्र व वार्ता घेण्यासाठी मी गेलो होतो. पॅनेल ज्या लोखंडी सांगाड्यावर बसवावयाचे, तो सांगाडा परराज्यातून ट्रकाने आला होता. जोडणी करताना असे आढळले की भोके जुळत नाहीत, आणि दोन आधार छपराच्या उताराला आखूड पडत आहेत. काम अडले. ठेकेदाराचा देखरेख करणारा माणूस दिवसभर वेल्डर शोधत हिंडला. अखेर शाळेच्या शिपायाने त्याला सांगितले की रस्त्याच्या पलीकडे, देवळामागे, वर्कशॉप आहे. दोन वेल्डिंग सेट, ड्रिल मशीन, पत्रा वाकविण्याचे यंत्र, सगळे तेथे होते, आणि पुष्कळसे झाकून ठेवलेले होते. मालक पूर्वी खाणींवर चालणाऱ्या टिपरांचे हौदे बांधीत असे. त्याने दुपारच्या आत काम करून दिले.

तेव्हा देखरेख करणारा गृहस्थ म्हणाला, “तुम्ही येथे आहात हे ठाऊक असते तर सगळा सांगाडा तुमच्याकडूनच करून घेतला असता.” वर्कशॉपवाला हातातील काजळी पुसत म्हणाला, “सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुम्ही विचारले नाही.”

हे उत्तर ऐकून आम्ही सारे हसलो. परंतु घरी जाताना माझ्या मनात आले की यात हसण्यासारखे काही नाही. छप्पर गावचे, शाळा गावची, कारागीर गावचा, आणि काम मात्र शेकडो मैलांवरून आले. असे का व्हावे? या एका प्रश्नाचा मागोवा मी पुढे कित्येक दिवस घेत राहिलो. त्यातून जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवतो.

एकाच गिऱ्हाइकाचा धडा

एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहिल्याने काय होते, हे या तालुक्याला मी सांगावयास नको. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते पूर्णपणे थांबले. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत ते पुन्हा करण्याची वाट मोकळी झाली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द ठरली आणि १६ मार्च २०१८ पासून काम पुन्हा बंद पडले. डिसेंबर २०२२ पासून पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ पासून काही ठिकाणी उत्खननही सुरू झाले आहे. खाणी असाव्यात की नसाव्यात, हा आजच्या भाषणाचा विषय नाही. मला सांगावयाचे आहे ते निराळेच.

खाण थांबली तेव्हा केवळ खाण थांबली नाही. ट्रकाचा मालक, चालक, टायर दुरुस्त करणारा, पाटे सरळ करणारा, हौदा बांधणारा, मांडवीच्या काठी बार्जांची डागडुजी करणारा, आणि या सर्वांना चहा व भजी देणारा, असे सगळेच एका दिवसात रिकामे झाले. त्यांच्या हातातले कसब गेले नव्हते, गेला होता तो गिऱ्हाईक. तो एकच होता, त्यामुळे त्याच्यामागे दुसरा उभा नव्हता. अनेक वर्षे हा गिऱ्हाईक स्वतःहून दारात येत असे. त्यामुळे गिऱ्हाईक शोधावा कसा, भाव लेखी द्यावा कसा, आपले नाव दुसऱ्याच्या यादीत घालावे कसे, ही विद्या आमच्या कारागिराला कधी लागलीच नव्हती. आज ती लागते आहे.

काम आहे कोठे?

गोव्याला लागणारी वीज बहुतांशी राज्याबाहेरून येते, हे आपण जाणताच. परंतु छपरावरच्या सौर संचाची वीज ही अगदी आपल्या माथ्यावर तयार होणारी वीज आहे. तिची उभारणीही माथ्यावरच करावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पंतप्रधान सूर्यघर: मोफत वीज योजना’ सुरू केली. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली आणि २०२६-२७ पर्यंत देशातील एक कोटी घरांवर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. घरगुती संचाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये, आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये, असे अनुदान ठरले. ते थेट घरमालकाच्या बँक खात्यात जमा होते. शेतीपंपांसाठी २०१९ पासून ‘कुसुम’ योजना आहे. राज्याचे सौर धोरणही आहे. म्हणजे काम काल्पनिक नाही.

आता तीन किलोवॅटचा एक घरगुती संच डोळ्यांपुढे आणा. त्याला सुमारे तीस चौरस मीटर मोकळे, सावली न पडणारे छप्पर लागते. वर्षाची सरासरी धरली तर तो दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देतो. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात अधिक. त्यात पॅनेल असतात, एकेक पंचवीस-तीस किलो वजनाचे. एक इन्व्हर्टर असतो. ही दोन्ही मोठ्या कारखान्यांची कामे. अनुदान हवे असेल तर पॅनेल आणि त्यातील सौरघट दोन्ही देशात घडलेले असावे लागतात. ते आपण डिचोलीत करू शकणार नाही, आणि तसा आवही आणू नये.

परंतु उरते काय, तेही पाहा. लोखंडी सांगाडा. त्याच्या पायाचे सिमेंट काँक्रीटचे ठोकळे. कौलारू घर असेल तर वासे व रिपा तपासून भक्कम करणारा सुतार. तारांच्या नळ्या, स्विचची पेटी, अर्थिंगचा खड्डा, वीजरोधक. माल चढविणारे हात. शिडी, पाण्याची जोडणी, पॅनेल धुण्याची सोय. आणि पुढे पाच वर्षांची देखभाल, कारण सूर्यघर योजनेत संच बसविणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. यातील प्रत्येक काम करणारा माणूस या सभागृहात बसलेला मला दिसतो आहे. शंभर मैलांवरचा ठेकेदार पाच वर्षे दर पावसाळ्यानंतर एकेका घरी फेरी कशी घालणार? त्यालाही येथे विश्वासाचा माणूस हवाच आहे.

ओळख नाही म्हणजे काय नाही?

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आपण सर्वांनी पाहिला आहे. केळी कोठे मिळतील, मिरच्यांची ओळ कोणती, मातीची भांडी कोणत्या कोपऱ्यात, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगावे लागत नाही. विकणाऱ्यालाही ठाऊक असते की शुक्रवारी गिऱ्हाईक येणार. दोघांमध्ये वर्षानुवर्षांची एक बैठक ठरून गेली आहे. लोखंडी सांगाड्याचा असा शुक्रवार कोठे आहे? ठेकेदार आपल्या यादीत पाहतो. यादीत नाव नसेल तर त्याच्या दृष्टीने तो कारागीर अस्तित्वातच नाही. आणि कारागीर रस्त्याकडे पाहत बसतो, कारण पूर्वी काम रस्त्यानेच येत असे.

शाळेतील त्या प्रसंगानंतर मी देखरेख करणाऱ्या गृहस्थाला पुन्हा भेटलो आणि विचारले, “खरेच ठाऊक असते तर तुम्ही काम दिले असते का?” तो प्रामाणिक माणूस होता. थोडा थांबून म्हणाला, “नसते देता आले.” वर्कशॉपची उद्योग म्हणून नोंदणी नव्हती. जी.एस.टी.चे बिल मिळणार नव्हते. लोखंड कोणत्या प्रतीचे, जस्ताचा थर किती जाड, याचे प्रमाणपत्र मिळणार नव्हते. काम कोणत्या तारखेला हाती पडेल, हे लिहून मिळणार नव्हते. हौदे बांधताना यांपैकी कशाचीच कधी गरज पडली नव्हती.

म्हणजे अर्धा दोष न विचारणाऱ्याचा, आणि अर्धा दोष विचारले असता दाखविण्याजोगा कागद नसलेल्याचा. नुसती ओळख करून देणे पुरेसे नाही. ओळख झाल्यावर जी टिकते ती कागदावर, दर्जावर आणि वेळेवर. मला जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच आहे.

मात्र कसबाच्या बाबतीत आमचा माणूस मागे नाही, हेही त्याच दिवशी दिसले. जोडकाम संपल्यावर वर्कशॉपवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, हे मी करून दिले खरे, पण हे काम चुकीचे आहे. जस्त चढविलेल्या लोखंडाला डाग दिला की तेथले जस्त जळून जाते. दोन पावसाळ्यांत तेथूनच गंज धरील.” मी नंतर चौकशी केली. वितळलेल्या जस्ताच्या हौदाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअस असते आणि जस्त ९०७ अंशांना उकळते. वेल्डिंगची उष्णता त्याहून कितीतरी अधिक, म्हणून जस्ताची वाफच होते. तो धूर छातीत गेल्यास कारागिराला तापही भरतो. सबब कापणे, भोके पाडणे, जोडणे ही सर्व कामे आधी, आणि जस्त त्यानंतर, हाच नियम. अडचणीत डाग द्यावाच लागला तर ती जागा घासून तीवर जस्तयुक्त रंगाचे थर द्यावेत. त्याने तसे केलेही, आपल्या पदरच्या रंगाने.

आपल्याकडचा पाऊस आणि खारा वारा लक्षात घेता हा नियम पुस्तकी नाही. मे २०२१ मधले तौक्ते चक्रीवादळ आपण विसरलेलो नाही. छपरावरचे पॅनेल म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने एक शीडच. सांगाडा कच्चा असेल तर ते पॅनेल शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडेल. ज्याला येथला पाऊस ठाऊक आहे, त्याने हा सांगाडा बांधणे हे गिऱ्हाइकाच्याही हिताचे आहे.

कारागीर व लघुउद्योजक बंधूंना

आता करावे काय? पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट नोंदणीची. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी ‘उद्यम’ नोंदणी आहे. ती ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही शुल्क नाही. कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत. आपली बहुतेक वर्कशॉपे ‘सूक्ष्म’ या वर्गात येतात. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. पुढे मी ज्या सवलती सांगणार आहे त्यांचे दार या नोंदणीनेच उघडते. म्हणून काम मिळाल्यावर नव्हे, काम घेण्यापूर्वीच नोंदणी करावी.

दुसरी गोष्ट दर्जाची. गिऱ्हाईक ज्या मानकांची नावे घेतो ती ऐकून घाबरू नये. जस्ताच्या थरासाठी आय.एस. ४७५९, वाऱ्याच्या भारासाठी आय.एस. ८७५ चा भाग ३, अर्थिंगसाठी आय.एस. ३०४३. प्रत्येक वर्कशॉपने हे सगळे मुखोद्गत करावे असे नाही. परंतु नकाशा वाचता यावा, लोखंड घेताना त्याचे कारखान्याचे प्रमाणपत्र मागून जपून ठेवावे आणि जस्त जेथून चढवून घेतो तेथून थराच्या जाडीचा दाखला घ्यावा. एक नमुना सांगाडा तयार करून वर्कशॉपच्या दारात उभा करावा. तोच तुमची जाहिरात.

तिसरी गोष्ट एकीची. शंभर सांगाड्यांची मागणी एका वर्कशॉपला झेपणार नाही, पण पाच मिळून झेपेल. एकाने कापावे, दुसऱ्याने भोके पाडावीत, तिसऱ्याने जोडावे, आणि जस्त चढविण्यासाठी माल एकत्र पाठवावा म्हणजे वाहतूक वाटली जाईल. जबाबदारी मात्र एकाच्या नावावर असावी. गिऱ्हाइकाला पाच दारे ठोठावण्याची हौस नसते.

चौथी गोष्ट वेळेची. आपल्याकडे पुरुमेंताची जुनी चाल आहे. पावसाळ्याची बेगमी पावसाळ्यापूर्वीच होते. छपरावरच्या कामाचेही तसेच. जून उजाडला की छपरावर चढणे थांबते. म्हणून दिवाळीनंतर भाव द्यावेत, पौष-माघात माल तयार करावा आणि वैशाखाच्या आत बसवून मोकळे व्हावे. जो वेळ पाळील तोच दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलाविला जाईल.

पाचवी गोष्ट पैशाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ लहान उद्योग काम नसल्यामुळे बुडत नाहीत, केलेल्या कामाचे पैसे वेळेवर न मिळाल्यामुळे बुडतात. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांना एक भक्कम हक्क दिला आहे. माल स्वीकारल्यानंतर लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत काहीही असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, गिऱ्हाइकाने पैसे दिलेच पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद आहे. शिवाय आयकर कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने असे ठरले की अशा उद्योगाचे पैसे मुदतीबाहेर थकविले तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत गिऱ्हाइकाला ती रक्कम खर्च म्हणून दाखविता येत नाही. म्हणजे थकविणाऱ्यालाच झळ लागते.

परंतु हा हक्क बजावावयाचा तर हाती तीन कागद हवेत: लेखी मागणीपत्र, माल स्वीकारल्याची तारखेसह सही आणि बिलाची पोच. “ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?” हे वाक्य आपण सोडून दिले पाहिजे. कागद हा अविश्वास नव्हे. दोघांच्या स्मरणशक्तीला दिलेला तो आधार आहे.

आणखी एक मार्ग सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली ‘ट्रेड्स’ नावाची व्यवस्था आहे. तीत गिऱ्हाइकाने मान्य केलेले बिल बँका बोलीने उचलतात आणि कारागिराला पैसे लवकर मिळतात. वर्षाला २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांनी तेथे नोंदणी करणे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने बंधनकारक केले आहे. मोठ्या कंपनीचे काम घेताना “आपण ट्रेड्सवर आहात काय?” एवढे अवश्य विचारावे.

खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांना

माझ्या सहकारी अधिकारी बंधूंनाही दोन गोष्टी नम्रपणे सांगावयाच्या आहेत. केंद्र सरकारच्या २०१२ सालच्या खरेदी आदेशाप्रमाणे केंद्रीय मंत्रालये, खाती व सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या एकूण खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. निविदेचे कागद अशा उद्योगांना विनामूल्य मिळतात आणि त्यांना बयाणा रक्कमही माफ असते. ही तरतूद माल व सेवा यांना आहे, बांधकामाच्या ठेक्यांना नाही. येथेच खरी मेख आहे. पॅनेलपासून रंगापर्यंत सर्व काही एकाच मोठ्या ठेक्यात बांधले, की गावच्या वर्कशॉपला त्या दारातून आत येताच येत नाही. जेथे नियम परवानगी देतात तेथे सांगाडा, देखभाल, पॅनेलची सफाई ही कामे निराळी काढावीत. जेथे एकच ठेका अपरिहार्य आहे तेथे ठेकेदाराला स्थानिक कारागिरांची यादी निदान दाखवावी.

दुसरी गोष्ट आमच्या खात्याची. २०१६ सालापासून शासकीय खरेदीसाठी ‘जेम’ हे ऑनलाइन बाजारपीठ आहे. निविदा तेथे निघतात, इंग्रजीत निघतात, आणि आमचा वर्कशॉपवाला ते पाहत नाही. निविदेचा सारांश चार ओळींत, मराठीत व कोकणीत, पंचायतीच्या फलकावर लागला तर कोणता नियम मोडतो? एकही नाही. हे काम प्रसिद्धी खात्याने करावयास हवे होते. आम्ही ते आजवर पुरेसे केले नाही, हे मी येथे मान्य करतो.

ग्रामस्थांना व शिक्षकांना

ग्रामस्थ हो, या व्यवहारात आपणही गिऱ्हाईक आहात. सूर्यघर योजनेत संच बसविणारा निवडण्याचा अधिकार आपला असतो. नोंदणीकृत विक्रेत्यांच्या यादीतून तो निवडावयाचा असतो, आणि त्याच्याशी बोलताना दोन प्रश्न विचारण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे. सांगाडा कोठे व कोणी बांधला? आणि पाच वर्षांत काही बिघडले तर येणारा माणूस कोणत्या गावचा? हे दोन प्रश्न शंभर घरमालकांनी विचारले तर विक्रेता आपण होऊन डिचोलीत वर्कशॉप शोधू लागेल. मात्र गावचा माणूस म्हणून वाईट काम खपवून घेऊ नये. त्याच्या चुकीची कीव केली तर पुढच्या वेळी सगळ्या गावच्या कारागिरांचे नाव जाते.

शिक्षक बंधुभगिनींकडे माझी विनंती निराळी आहे. आपल्या शाळांतून बाहेर पडलेली मुले औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री, जोडारी, वेल्डर होतात. सौर तंत्रज्ञांसाठी २०१५ पासून देशभर ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण वर्ग चालत आले आहेत. मुले हे काम शिकतील. पण भावपत्रक लिहिणे, मागणीपत्र वाचून त्यातील मुदत व दंड समजून घेणे, बिल बिनचूक करणे हे त्यांना कोण शिकवील? भाषेच्या तासाला अर्जलेखन शिकवितोच, तेथे एक भावपत्रकही शिकवावे. ज्या वर्कशॉपवाल्याला ऑनलाइन अर्ज जमत नाही त्याच्याजवळ त्याच्याच मुलाने, आपल्या विद्यार्थ्याने, बसून तो भरून द्यावा. गावातील शिकलेला माणूस आणि गावातील कसबी माणूस एकमेकांशेजारी बसले, तर यातील अर्धी अडचण तेथेच मिटेल.

अतिआशा नको

समारोप करण्यापूर्वी एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. प्रसिद्धी अधिकारी म्हटला की तो गुलाबी चित्र रंगविणार, असा समज आहे. मी तसे करणार नाही. छपरावरच्या सौर संचांतून खाणींइतका रोजगार निर्माण होणार नाही. एक छप्पर झाले की ते पंचवीस वर्षांसाठी झाले, तेथे पुन्हा सांगाडा लागत नाही. अनुदान आज आहे, उद्या त्याचे स्वरूप बदलेल. म्हणून वर्कशॉपने सौर सांगाडा हा आपला दुसरा वा तिसरा गिऱ्हाईक मानावा, एकमेव मानू नये. एकाच झाडाला बांधलेला झोपाळा फांदी मोडताच खाली येतो, हे आपण दोनदा अनुभवले आहे. नोंदणी, नकाशा, प्रमाणपत्र, लेखी मागणी, वेळ ही जी शिस्त या निमित्ताने लागेल, ती मात्र कायमची. तिच्या जोरावर उद्या शाळेची बाके, बंदराची कठडे, पाण्याच्या टाकीचे मनोरे, कोणतेही काम मागता येईल.

आता शेवटचे. देवळामागच्या त्या वर्कशॉपवाल्याची हकीकत अपुरी राहिली. त्याने नोंदणी केली. अर्ज त्याच्या बारावीतल्या मुलीने भरला. यंदा फाल्गुनात त्याला अकरा घरांच्या सांगाड्यांचे काम मिळाले, एका विक्रेत्याकडून, लेखी मागणीपत्रासह. काम मोठे नाही. दोन वेल्डिंग सेटांपैकी एकावरचे झाकण निघाले, एवढेच. मी त्याला भेटलो तेव्हा त्याने मला बिलाची पोच दाखविली आणि तारखेवर बोट ठेवून म्हणाला, “साहेब, पंचेचाळीसपैकी तीस दिवस झाले. मोजतो आहे.” ही मोजदाद करण्याची सवय मला त्या अकरा सांगाड्यांहून अधिक मोलाची वाटली.

तेव्हा आजच्या मेळाव्यातून एकच काम घेऊन आपण उठावे, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक पंचायतीने एक कागद तयार करावा. आपल्या हद्दीतील वेल्डर, वीजतंत्री, गवंडी, सुतार, ट्रकवाले यांनी आपापल्या संमतीने त्यावर नाव, काम, उपलब्ध यंत्रे व नोंदणी क्रमांक लिहावा. तो कागद पंचायतीच्या फलकावर लावावा, आणि त्याची एक प्रत वीज खात्याकडे, एक ऊर्जा विकास अभिकरणाकडे आणि एक आमच्या खात्याकडे पाठवावी. सर्व पंचायतींच्या याद्या एकत्र करून त्या या पत्रिकेतून प्रसिद्ध करण्याचे काम मी आपल्या वतीने वरिष्ठांपुढे मांडीन. पुढच्या वेळी एखादा ठेकेदार गावात आला, तर त्याला दिवसभर हिंडावे लागू नये, आणि “तुम्ही येथे आहात हे ठाऊक नव्हते” असे म्हणण्याची सबबही त्याच्यापाशी उरू नये.